आत्याबाई फाटकाच्या आत

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि त्या दवाखान्यात जायला तयार नव्हत्या. लातूरच्या डॉक्टरांनी बोलावलं की आमच्या निलंग्याला सोयाबीनची काढणी निघायची. काढणी संपली की गुडघा दुखायचा. मग एकदा त्यांनी पाहुण्यांच्या चहात मीठ टाकलं, पाहुण्यांनी मुकाट्याने तो प्यायला, आणि त्या कबूल झाल्या. पण दाखवायचं ते हैदराबादलाच, कारण त्यांच्या माहेरची, उदगीरची, सगळी तिथंच जातात. शिवाय एक अट होती. "वाटेत कायबी अडचण आली की मी माघारी येणार. मग मला परत म्हणायचं न्हाई."

बसमधून उतरल्यावर दवाखान्यापर्यंत मेट्रोने जायचं ठरवलं. खिडकीवरच्या मुलीने कार्ड घ्या म्हटलं. मी एक घेतलं आणि दोघींना पुरेल एवढे पैसे त्यात भरायला सांगितले. तिने भरले. दोघी म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही आणि मला सांगावंसं वाटलं नाही. आमच्याकडं एसटीत एक जण सगळ्यांची तिकिटं काढतो आणि कंडक्टरला हात करून सांगतो, त्या मागच्या दोघी आमच्याच.

फाटकापाशी मी कार्ड लावलं. वयस्कर माणूस आधी, म्हणून आत्याबाईंना आत ढकललं. माझ्यासाठी पुन्हा लावलं तर लाल दिवा लागला. पुसून लावलं, उलटं लावलं. पहारेकरी आला.

"अम्मा, एक कार्ड पे एकीच जन जाते. तुम दूसरा टिकट लेको आओ."

पलीकडून आत्याबाईंचा चेहरा उजळलेला दिसला.

"आली का अडचण? काढ मला भायेर."

"आत्या, थांबा तिथंच. तिकीट घेऊन आले."

"तिकीट ऱ्हाऊ दे. ते कार्ड दे इकडं. त्यानंच उघडत असंल की."

"उघडतंय. पण देत न्हाई."

"सासूला कोंडून ठेवतीस व्हय गं?"

"हाव."

मागे रांग वाढली होती. आत्याबाई पहारेकऱ्याकडे वळल्या. माहेरची दख्खनी त्यांना चांगली येते. "देख रे बेटा, बहू कैसा बंद कर दी मेरेकू."

"बहू अच्छीच दिखरी अम्मा," तो म्हणाला आणि त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली.

मी कागदी तिकीट घेऊन आत पोचले तोवर त्याला माझ्या पहिल्या बाळंतपणापासूनचा इतिहास कळला होता. त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

गाडीत एका मुलाने आत्याबाईंना जागा दिली. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. खिडकीबाहेरचं त्यांना फारसं दिसत नव्हतं, त्यामुळे तो माझ्यावरचा राग आहे हे मला समजलं. बोलले असते तर घरी जायचा विषय निघाला असता.

दवाखान्याच्या स्टेशनवर मी पुन्हा त्यांच्यासाठी आधी कार्ड लावलं. त्या बाहेर पडल्या. माझं तिकीट मात्र पर्समध्ये चुरगळलं होतं आणि यंत्र ते वाचायला तयार नव्हतं. आता त्या बाहेर होत्या, मी आत. समोर जिना, खाली रस्ता, रस्त्यावर रिक्षा. त्यांच्या कनवटीला पैसे होते आणि बस स्टँडचा पत्ता विचारण्याइतकी भाषाही होती. मी तिकीट सपाट करून पुन्हा लावलं. पुन्हा लाल दिवा.

त्यांनी पदर खोचला, दोन पायऱ्या उतरल्या आणि समोरून येणाऱ्या बाईला थांबवलं.

"आँख का दवाखाना किधर है गे बेटी? बहू मेरी पिच्छे अटक गई. उसकी वाट देखी तो मेरा नंबर जाता."