वीस वर्षांचं कुंपण

सिंदेवाहीकडच्या वारलूभाऊंचं बांबूचं कुंपण दरसाल उधई खायची. दुरुस्तीला पंधरा दिवस लागत, कारण पलीकडे शेजारीण मनकर्णाबाई उभी राही आणि गप्पांत गावातल्या चार सोयरिकी मोडल्याशिवाय एक गाठ बसत नसे.

यंदा त्यांच्या मुलानं, प्रफुलनं, पांढरं प्लास्टिकचं कुंपण बसवलं. "बाबा, आता वीस वर्षं हात लावाचं काम नाई."

सत्तरीच्या वारलूभाऊंचा चेहरा उतरला. दुसऱ्या सकाळी ते ओलं फडकं घेऊन कुंपणाशी बसले.

"काऊन भाऊ, याले तं काईच करा लागत नाई म्हने?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"धूळ बसते ना, बाई."

बाईनं कुंपण निरखलं आणि घरातून आपलं फडकं आणलं. "इकडून बी लय बसली हाये."

आता एक फळी पुसायला दोघांना सकाळ पुरत नाही.