चिपताईचं चुकलेलं कार्ड

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्या दुकानात तिला सगळे चिपताई म्हणत आणि ते नाव तिनं स्वतःच ओढवून घेतलं होतं. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं चुकून विचारलं, "वायफायचं कार्ड कुठलं घेऊ?" की बाई सुरू. "डब्यावरचं नाव विसरा हो! डबा तोच ठेवतात आणि आतली चिप गुपचूप बदलतात. जिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्समध्ये आधीपासून आहे, तीच चिप घ्या. नाहीतर तो बाहेरून आणून बसवाल आणि पुढच्या अपडेटला पुन्हा बोंब." गिऱ्हाईक निम्मं ऐकायचं, निम्मं सोडून द्यायचं.

मग तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. आई वाचली, बोलायलाही लागली, पण उजवं अंग गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, "दुसरा झटका कधीही येऊ शकतो. आला तर लगेच आणा, उशीर केलात तर आमच्या हातात काही राहणार नाही." ते शब्द चिपताईच्या मनात मुक्कामालाच राहिले.

घरात दोघीच. दुपारी शेजारीण येऊन भरवून जाई, बाकी दिवसभर आई एकटी. फोन तिच्या हातात ठरत नसे. म्हणून चिपताईनं एका टाकाऊ लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, तो पलंगासमोर ठेवला आणि आई दुकानातल्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली. लॅपटॉपचं वायफाय मेलेलं होतं. त्यासाठी तिनं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना दिलेलंच कार्ड घेतलं. डबा ओळखीचा, मग चिप कशाला बघायची? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आतली चिप बदललेली होती.

चित्र थिजायला लागलं. सरळ काळं झालं असतं तर कळलं तरी असतं. पण शेवटचं चित्र तसंच राहायचं, त्यात अर्धवट मिटल्या डोळ्यांची आई. पहिल्यांदा असं झालं तेव्हा चिपताई हातातल्या स्क्रूड्रायव्हरसकट दोन गल्ल्या धावत गेली. आई खिडकीकडे बघत होती. "काय गं, आज लवकर?" "काही नाही, पाणी द्यायला आले," चिपताई म्हणाली. पाणी दिलं, केस विंचरले, छातीतली धडधड थांबेपर्यंत बसली.

मग हे नेहमीचंच झालं. आईसमोर बसून बाहेरचा ड्रायव्हर बसवून झाला, कार्डाची वीज वाचवायची सोय बंद करून झाली, पण आज ठीक चाललं की उद्या पुन्हा आई थिजलेली. कार्ड थकलं असेल, असं मनाला किती समजावलं तरी पाय ऐकत नसत. दुकानाचे मालक म्हणाले, "अगं, जगाला शहाणपण शिकवतेस, स्वतःचं कार्ड बदल की!" पण चिपताईनंच कार्ड चुकीचं घेतलं, हे कबूल कोण करणार? शेवटी भीतीनं तिचा ताठा मोडला. या वेळी तिनं चिपचा नंबर तपासून, खात्री करून, मगच डबा फोडला. कार्ड वेगाला बेताचं, पण इमानी निघालं.

चित्र पुन्हा थिजलं नाही. मालक खूश झाले. चिपताई खुर्चीत बसून काम करू लागली, मधूनच पडद्याकडे बघायची आणि संध्याकाळी घरी जायची.

एके दिवशी तिनं बघितलं तर आईची मान एका बाजूला कलली होती. तोंड उघडं. कितीतरी वेळ आई हललीच नाही. "कार्ड बिघडलं असू दे, देवा," ती पुटपुटली. तेवढ्यात आईच्या कपाळावर एक माशी बसली आणि सावकाश भुवईपर्यंत चालत गेली. म्हणजे चित्र चालू होतं.

ती कशी धावली ते तिला आठवत नाही. कुलुपात किल्ली जाईना. दार उघडून तिनं हंबरडाच फोडला, "आई!"

आईनं एक डोळा उघडला. "आलीस? ती माशी मेली उडायचं नावच घेत नव्हती."

"म्हणजे तू मुद्दाम..."

"ते आधीचं यंत्र बरं होतं बाई. बिघडायचं आणि तू यायचीस. आता चांगलं चालतं, तर तुझं येणंच बंद झालं."

चिपताईच्या भीतीचा राग झाला होता. "उद्या खरंच झटका आला आणि मला वाटलं, आई नाटक करतेय, तर? मग काय करू मी?"

आईनं डाव्या हातानं लेकीचं मनगट धरलं. "झटक्याची भीती आता मला नाही वाटत गं. तो येईल तेव्हा तू तिकडून नुसती बघत असशील आणि मला तू दिसणारही नाहीस, त्याची वाटते."

चिपताई पलंगाच्या कडेवर बसली. तिकडे दुकानातल्या पडद्यावर आता दोघी दिसत होत्या आणि बघायला कुणी नव्हतं.