वहिनींच्या वाटचा उपास

भाकरी तव्यावर पडली की वहिनींच्या बैठका सुरू व्हायच्या. भाकरी फुगली की बैठका थांबायच्या. ती टोपल्यात गेली, दुसरी थापून तव्यावर आली की पुन्हा सुरू. ओट्याचा आधार नाही, धाप नाही, चेहऱ्यावर कसला आव नाही. भाकरी करणाऱ्या बायका मी जन्मापासून पाहतेय, त्यांच्या कष्टांवर पत्रकंही पुष्कळ लिहिली आहेत. पण भाकरीलाच कामाला लावणारी बाई मी एकच पाहिली. "हिला फुगायला येळ लागतोच," वहिनी म्हणायच्या, "मग तेवढा येळ मी काय तिच्या तोंडाकडं बघत बसू?"

सुप्याच्या एमआयडीसीच्या मागे भाड्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तिथे आमची दारं समोरासमोर होती. वहिनी एका कारखान्यात पॅकिंगला होत्या, कंत्राटी. त्यांचा नवरा बापू कामगारांची ने-आण करणारी बस चालवायचा. बापू आमच्या पाथर्डीकडच्या गावचा, माझ्या भावासारखा, म्हणून त्या वहिनी. त्या मला 'वन्सं' म्हणायच्या. मी गेटवर उभी राहून कंत्राटी पद्धतीविरुद्ध पत्रकं वाटणारी कार्यकर्ती, आणि मला वन्सं! या नात्यांच्या नावांतूनच बाईला घरात कसं जखडलं जातं, हे मी त्यांना एकदा सविस्तर समजावलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं वन्सं."

त्यांना पोलीस व्हायचं होतं. एकदा ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, जाऊन त्या हात हलवत परत आल्या होत्या, आणि आता वयाची अट अशी जवळ आली होती की पुढची भरती ही शेवटचीच. हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना त्यावर मत होतं. पहाटे वहिनी ट्रॅकपँटवर बापूचा जुना शर्ट घालून एमआयडीसीतल्या मोकळ्या पटांगणावर पळायला जायच्या. दिवे नव्हते, तेव्हा बापू मोटरसायकल उभी करून तिचा लाईट पटांगणावर सोडायचा. त्या लाईटमधून वहिनी येताना दिसायच्या, अंधारात जायच्या, पुन्हा यायच्या.

टपरीवरचे लोक बापूला सोडत नसत. "बापू, बायको पळाली म्हनं तुझी!"

"व्हय, रोज पळती," बापू म्हणायचा. "अन् रोज माघारी येती. तुमच्या घरातल्या जागेवर बसून बी तुमच्यासंगं बोलत न्हाईत."

मला वाटायचं, या टपरीवरच्या प्रत्येकाच्या तोंडावर एक पत्रक चिकटवावं. वहिनी नुसत्या हसायच्या. त्यांना राग येत नसे असं नाही. त्या राग गोळाफेकीसाठी ठेवायच्या.

त्या घरात सवयींचा एक कायदा होता. बापूला मावा लागायचा. आमच्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला मावा म्हणजे काय ते सांगायला नको. सुपारी-तंबाखूची ती पुडी चोळत चोळत अख्ख्या पिढ्या टपऱ्यांवर उभ्या आहेत. वहिनींना गोड चहा लागायचा, आणि त्यात बुडवायला बिस्किटाचा अख्खा पुडा. दोघांनी आपापलं सोडायचं ठरवलं. कायदा असा, की ज्याचं व्रत मोडेल त्याने त्या दिवशी सगळी भांडी घासायची, आणि दुसऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही. मी विचारलं, "तुम्ही बापूवर लक्ष कसं ठेवता?" वहिनी म्हणाल्या, "न्हाई ठेवत. आपली सवय आपन राखायची. दुसऱ्याची राखायला गेलं का नवरा-बायकोचं पोलीस-चोर हुतं." संध्याकाळी नळावर कोण भांडी घासतंय यावरून रांगेला कळायचं आज कोण घसरलं. बऱ्याचदा बापूच असायचा. एकदा दोघंही शेजारी बसून घासत होती, एक राख लावतोय, दुसरी विसळतेय, आणि दोघंही गप्प. मी दारातून पाहत होते. नवरा-बायकोच्या समानतेवर मी जे काही लिहिलं होतं त्यात हे दृश्य कुठेच नव्हतं.

मावा चोळायची हुक्की आली की हात शिवशिवतात, असं बापूचं म्हणणं होतं. वहिनींनी सरावाचा लोखंडी गोळा त्याच्या हातात दिला. "धरून बस. तळहात मोकळा असला तर चोळशील ना?" बसच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात बापू गोळा मांडीवर घेऊन बसलेला दिसायचा, तान्हं पोर घेतल्यासारखा.

मग नवरात्र आलं, आणि ग्राउंडचं बोलावणंही आलं. दसरा झाला की लगेच. बापूची आई, नानी, तेव्हा त्यांच्याकडेच राहायला होती आणि घट सुप्यातच बसणार होता. त्यांच्या घरात नऊ दिवसांचा कडक उपास सुनेने धरायचा, पायात चप्पल घालायची नाही, खाटेवर बसायचं नाही, अशी रीत. आधीच्या भरतीत वहिनींनी ती पाळली होती. साबुदाणा आणि केळ्यांवर नऊ दिवस काढून त्या ग्राउंडला गेल्या आणि आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसल्या. एका वर्षाचं पळणं त्या वळणावर संपलं होतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी मी नानीशी भांडायला गेले. बाईला पोटभर जेवायलासुद्धा परवानगी मागावी लागते, हा कुठला धर्म? देवीचा उत्सव आणि देवीच उपाशी? मी जोरात होते. नानी वाती वळत होती. म्हणाली, "तू गप गं. तुझ्या पत्रकानं आमचा घट बसत न्हाई."

वहिनींनी मला हाताने थांबवलं. आवाज न चढवता विचारलं, "नानी, उपास माझा हाय का घराचा?"

"घराचा. तुझा एकटीचा कशाला आसंल?"

"मग घरातल्या कुनीबी धरला तर?"

नानीच्या हातातली वात थांबली. उंबऱ्यावर बापू बसला होता. गाल फुगलेला होता, म्हणजे आज भांडी त्याचीच. तो बाहेर जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, "म्या धरतो."

"तू?" नानी हसली. "आरं, तुझं तोंड घटकाभर रिकामं ऱ्हात न्हाई!"

"ऱ्हाईल."

"देवीला काय सांगू? सुनंच्या जागी लेक बसलाय?"

"देवीला सून अन् लेक कळत न्हाई व्हय, नानी?" वहिनी म्हणाल्या.

नानीने थांबलेली वात पुरी वळली. मग म्हणाली, "चप्पल न्हाई. खाट न्हाई. आन मावा तोंडात गेला का उपास मोडला, मग दुसऱ्या दिवसापासून हिनं धरायचा. आन घरात अंडं येनार न्हाई." शेवटच्या वाक्याला तिने माझ्याकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर मी चिडून वहिनींना म्हटलं, "मुळात हा उपासच चूक आहे हे का नाही बोललात?" त्या बुटांच्या नाड्या बांधत होत्या. "वन्सं, तुमी भिंत पाडा. पाडायलाच पायजे. मला तवर दारातनं जाऊ द्या, ग्राउंड तोंडावर हाय."

ते नऊ दिवस मी विसरणार नाही. बापू अनवाणी बस चालवायचा. ऑक्टोबरच्या उन्हात डांबरावर उतरला की पाय उचलत नाचल्यासारखा चालायचा. बसमधले कामगार ओरडायचे, "काय सूनबाई, घट उगवला का?" तो आरशातून बघायचा. "उगवलाय. आन गप बसा, न्हाईतर सूनबाई गाडी हितंच सोडून माहेरी जाईल." पहिले तीन-चार दिवस माव्यावाचून तो कुणाशीही धड बोलत नव्हता, एकदा त्याने खिळा सापडत नाही म्हणून भिंतीला शिव्या दिल्या. टपरीवरच्या एकाने मुद्दाम त्याच्या नाकासमोर पुडी चोळली. बापू गोळा घेऊन उभा राहिला तेव्हा तो माणूस दोन पावलं मागे गेला.

वहिनी उपाशी नवऱ्यासमोर जेवायला बसेनात. ताट घेऊन कोपऱ्यात तोंड फिरवून बसायच्या. दुसऱ्या दिवशी बापूने ताट उचलून स्वतःसमोर ठेवलं. "हितं बस. माझ्या म्होरं खा. म्या कशापायी मरतोय ते मला दिसू तरी दे." मग त्या खायच्या, बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे, आणि तो प्रत्येक घासाकडे हिशेबनिसासारखा बघत बसायचा. अंडी माझ्या खोलीत उकडायची. एकदा नानीने दारात येऊन विचारलं, "वास कशाचा येतोय गं?" मी म्हटलं, "पत्रकाच्या शाईचा, नानी." ती म्हणाली, "शाई तिला दोन जास्त घाल," आणि निघून गेली.

ग्राउंडच्या दिवशी बापू आणि मी नगरला फाटकाबाहेर उभे होतो. आतलं काही दिसत नव्हतं. फक्त शिट्टी ऐकू यायची आणि मग पोरींच्या पायांचा आवाज. प्रत्येक शिट्टीला बापू आपल्या भेगाळलेल्या पायांकडे पाहायचा. त्याचे ओठ हलत होते. देवीचं नाव घेत असेल असं मला वाटलं आणि मी माझ्या सगळ्या विचारसरणीसकट गप्प राहिले. जवळ गेले तर तो म्हणत होता, "वळणावर हात मार, वळणावर हात मार."

वहिनी बाहेर आल्या, फुटपाथवर बसल्या. शर्ट पाठीला चिकटलेला. बापूने विचारलं, "वळन?"

"वळन मागं टाकलं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "चहा सांग. गोड सांग. आज भांडी मी घासते."

यादीत नाव आलं. वहिनी ट्रेनिंगला निघाल्या तेव्हा नानीने सुप्याच्या स्टॉपवर, पुण्याच्या हायवेवरून गाड्या सणसणत जात असताना, त्यांची ओटी भरली. बापू कोरडाच उभा होता. बस हलल्यावर रस्त्याकडे पाठ करून त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. पुढे वहिनींची नेमणूक नगरला झाली, बापूनेही तिकडेच गाडीवर काम धरलं, आणि समोरचं दार दुसऱ्या भाडेकरूचं झालं.

मधे बराच काळ गेला. गेल्या महिन्यात आमचा कंत्राटी कामगारांचा मोर्चा नगरला कचेरीवर गेला. मी पुढे होते. बॅरिकेडच्या पलीकडे खाकीत, हातात आडवी लाठी धरून, वहिनी उभ्या होत्या. मी हसले. त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि चढ्या आवाजात म्हणाल्या, "ओ मॅडम, मागं सरा." क्षणभर सगळी जुनी वाक्यं डोक्यात उसळली. ज्या बाईने कंत्राटी पॅकिंगमध्ये बोटं झिजवली, तीच आता आमच्यासमोर लाठी घेऊन? पण ती नजर मला माहीत होती. अंधारातून लाईटमध्ये येताना असायची तशीच, सरळ, पुरी कामात. मी मागे सरले. आयुष्यात पहिल्यांदा, पोलिसाने सांगितलं म्हणून.

संध्याकाळी फोन आला. "वन्सं, पोचल्या का घरी?"

"तुम्ही ओळख दिली नाही," मी म्हटलं. माझा आवाज कडू होता.

"ड्यूटीवर ओळख देत न्हाईत. दिली असती तर उद्या तुमच्याच लोकांनी म्हनलं असतं, हिची वळख हाय म्हनून हिला सोडली." मग म्हणाल्या, "पन एक सांगू का? मागनी तुमची बरोबर हाय. दम न्हाई तुमच्यात. तिसऱ्याच घोषनंला आवाज फाटला. मी म्होरं हुते म्हनून मला कळलं. साहेब मागं गाडीत बसले व्हते, त्यांच्यापर्यंत काय गेलं आसंल? पहाटे पळत जा. पोटातनं श्वास घ्या. छातीतनं नगं."

मागून बापूचा आवाज आला, "आन तिला म्हनावं, अंडी खा!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या पटांगणावर गेले. अर्ध्या फेरीत बरगड्या धरून बसले. आता पूर्ण फेरी होते, आणि वर आणखी एक. पुढच्या मोर्च्याचा दिवस ठरला आहे. बंदोबस्ताला वहिनी असतील की नाही, माहीत नाही. पण मागे गाडीत जे कुणी साहेब बसलेले असतील, त्यांना या वेळी आमच्या आवाजाने काच वर करावी लागणार आहे.