हर्षूचा मेडलवाला फोटो

काल सकाळी मी माझ्या मैत्रिणीच्या मरणाच्या बातमीखाली "अभिनंदन" लिहिलं.

तीन फुलं पण टाकली.

कॉलनीच्या ग्रुपवर हर्षालीचा फोटो आला होता. गळ्यात मेडल, केस मागे घट्ट बांधलेले, सगळे दात दिसतील असं हसू. जिम्नॅस्टिक्सच्या नॅशनलला तिला बीमवर गोल्ड मिळालं, तेव्हा शहाद्याच्या चौकात बॅनर लागलं होतं. त्याच्यावरचाच फोटो.

खालचं मी वाचलंच नाही. मला वाचायला वेळ लागतो. मशीनवर साडीला फॉल लावत होते. एका हाताने टाईप केलं आणि फोन ठेवून दिला.

दहा मिनिटांनी तिच्या भावाचा, रोहितदादाचा मेसेज.

"वाचता येत नाही का तुला?"

मग वाचलं. एकेक अक्षर.

हर्षू गेली होती.

सतरा वर्षांची. संभाजीनगरला हॉस्टेलवर, सकाळी दात घासताना पडली. प्रॅक्टिसमध्ये नाही. बीमवरून नाही. बेसिनसमोर.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

वीतभरसुद्धा रुंद नसतो तो बीम, उंचावरची नुसती पट्टी. त्याच्यावर उलटी उडी मारून ती परत दोन पायांवर उभी राहायची. अशी पोरगी बेसिनसमोर कशी पडते? कोणी सांगेल का मला?

आम्ही दोघी शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरच्या, साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या. भिंतीला भिंत. चौथीपर्यंत एकाच बेंचवर.

ऊस पिळून उरलेल्या चोथ्याला इथे बगॅस म्हणतात. त्याचा मोठा ढीग असायचा. ती त्याच्यावर चढायची आणि उलटी उडी मारायची. मी खाली उभी.

"हर्षू, उतर व खाले! अंगले खाज सुटी!"

"तू फक्त देख. डोया झाकू नको."

मी डोळे झाकायचेच.

एकदा वॉचमनकाकांनी शाळेत तक्रार केली. खेळाचे सर रागवायला आले. ती तेवढ्यात वरून उडी मारून त्यांच्या समोरच उतरली. सरांनी मान वर करून ढिगाची उंची बघितली. मग म्हणाले, "परत मार."

त्यानंतर सिलेक्शन, आणि पाचवीपासून हॉस्टेल.

समोरच्या मावशी काकूंना, म्हणजे हर्षूच्या आईला, म्हणायच्या, "हातपाय मोडी लिई पोर. मंग कोन लगीन करी इन्हासंगे?"

स्टेटला मेडल आलं तरी त्यांचं तेच. गोल्ड आलं तेव्हा मात्र सगळ्यात मोठा हार त्यांनीच आणला.

हर्षू माझ्या कानात म्हणाली, "हार इतला जड शे, आते पडसू मी."

मधे तिचा घोटा मोडला होता. जवळजवळ वर्षभर घरी होती. सगळे म्हणाले, संपलं आता. ती रोज सकाळी कॉलनीच्या कंपाऊंडच्या भिंतीवर चढून चवड्यांवर चालायची. भाजीवाला गाडी थांबवून बघत बसायचा. घरात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी झाली की अर्धीच खायची आणि उरलेल्या अर्धीकडे बघत राहायची. वजन वाढायला नको म्हणून.

त्याच वर्षी मी शाळा सोडली. नववीत. उभं राहून वाच म्हणायचे, आणि अक्षरं एकमेकांत घुसायची, पोरं हसायची. सगळे मला बोलले. ती नाही बोलली. भिंतीवरून चालता चालता तिने फक्त विचारलं, "भ्याव लागे का तुले?"

मी म्हटलं, "तुले नही लागत का?"

"लागस ना. रोज लागस."

"मंग?"

"मंग काय. भ्यात भ्यात करस."

पुढच्या वर्षी ती परत गेली. आणि गोल्ड घेऊन आली. मी तिला स्पर्धेत कधी समोरून पाहिलं नाही. मोबाईलवरच पाहिलं. तो व्हिडिओ किती वेळा पाहिला, मोजलं नाही.

काल संध्याकाळी तिला आणणारी गाडी येणार होती.

मी लिहिलेलं लगेच डिलीट केलं होतं, पण स्क्रीनशॉट कॉलनीभर फिरला होता. आई म्हणाली, "आज नको जाऊ. लोक बोलतील."

पण आज नाही गेले तर तिचं तोंड कधी बघणार होते?

हर्षूच्या घराच्या ओट्यावर बायका बसलेल्या. मला बघून एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. रोहितदादा म्हणाला, "आली बघा, अभिनंदनवाली."

मला चार लोकांसमोर बोलता येत नाही. पण काकू माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "काकू, मी वाचलं नाही. फक्त फोटो बघितला. मला वाटलं, तिला परत मेडल मिळालं."



काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "सकायले सरस्ना फोन उना. मी पहिले काय इचारं, माहीत शे?"

काकूंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"मी इचारं, सर, कोनतं मेडल भेटनं?"

हॉस्टेलचे सर घरी फोन तेव्हाच करायचे. मेडल मिळालं की.

रोहितदादा भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. काकूंनी हात ओढून मला शेजारी बसवलं. "बठ आठे." गाडी येईपर्यंत हात सोडला नाही.

गाडी आली. हर्षूच्या त्याच मोडलेल्या घोट्याला पट्टी बांधलेली होती. सकाळच्या प्रॅक्टिसला जायची तयारी करून बसलेली पोरगी.

आज काकू म्हणाल्या, "आते बराबर लिख. लोकेस्ले सांग, मन्ही पोर कशी व्हती."

म्हणून लिहिलं. कोणाकडून तपासून घेतलं नाही. चुका असतील.

काकू, रोहितदादा, सगळ्यांसमोर माफी मागते.

मला अजून खरं वाटत नाही, तरी लिहिते.

हर्षू, तुला श्रद्धांजली.