रायभानची किल्ली आणि आकड्यांचं कुलूप

सेलूच्या कापड बाजारात रायभानची चेष्टा व्हायची ती दुकान उघडताना. शटरची किल्ली त्याच्या करदोड्याला बांधलेली, आणि ती सोडून हातात घेणं त्याला पटायचं नाही. सदऱ्याचं टोक दातांत धरायचं, कमरेतून वाकायचं, कुलपाला पोट टेकवायचं आणि किल्ली फिरवायची. समोरचा चहावाला रोज ओरडायचा, "झाला का मुजरा?" रायभान सदरा न सोडताच मान हलवायचा. शटर उजव्या कोपऱ्यात अडायचं, तिथं गुडघा द्यायचा आणि एका झटक्यात ते वर लोटायचं.

दुकान आबासाहेबांचं. आबासाहेब मूळचे झरीचे, भरपूर काळ्या रानाचे धनी. रायभान चारठाण्याकडचा. बाप-आजा शेळ्यामेंढ्यांमागं रानं तुडवत जगलेले. बहात्तरच्या दुष्काळात कळप गेला आणि हा सेलूला हमाली करायला आला. कापडाच्या गाठी उचलता उचलता दुकानात शिरला तो तिथलाच झाला. एके दिवशी आबासाहेबांनी गल्ल्यातून किल्ली काढून त्याच्यापुढं धरली आणि म्हणाले, "उद्यापासून तू उघडायचं." एवढंच बोलले. रायभाननं ती घरी नेऊन बायकोला, कासाबाईला दाखवली आणि करदोड्यात ओवली. पुढं बाप वारला तेव्हा रिवाजाप्रमाणं करदोडा तोडावा लागला, तर नवा बांधेपर्यंत हा माणूस किल्ली मुठीत धरून सुतकात बसला होता. कासाबाई म्हणायची, "मला कदी एवढं जपलं न्हाई तुमी." तो नुसता हसायचा, कारण ते खरंच होतं.

विद्यापीठाच्या नावावरून अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा पेटला, तेव्हा आबासाहेब घराला आतून कडी लावून बसले आणि रायभान शटरला पाठ लावून झोपला. कुणी सांगितलं नव्हतं. किल्ली आपल्याकडं आहे म्हणजे जिम्मा आपला, एवढंच त्याला कळत होतं. जळाल्या त्या गावोगावी गावकुसाबाहेरच्या झोपड्या. आबासाहेबांच्या दुकानाचा खिळासुद्धा हलला नाही. पण ज्याचं काहीच जळलं नाही त्याचीच भीती पुढं वर्षानुवर्षं टिकली, आणि त्र्याण्णव साली नामांतराचा निकाल आता लागणार, पुन्हा बंद, पुन्हा दगड, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली तेव्हा त्या भीतीला नवे कोंब फुटले.

आबासाहेबांचा मुलगा दत्तराव माल आणायला मुंबईला गेला होता. तिथून साड्यांच्या गाठींबरोबर एक खोकं घेऊन आला. त्यात बटणांचं कुलूप होतं. ठरलेले आकडे दाबले की आतला खटका विजेवर मागं सरायचा आणि शटर मोकळं व्हायचं. किल्लीचं कामच नाही.

"आता कुणाच्या भरवशावर राहायचे दिवस गेले," दत्तराव म्हणाला. रायभान तिथंच कापडाची घडी घालत होता. हे आपल्याला लागू आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. चोरांबद्दल बोलतायत, असंच त्याला वाटलं.

कुलूप बसवायला परभणीहून भुजंग नावाचा वायरमन आला. हसतमुख, बोलका, रायभानला पहिल्या घटकेपासून मामा म्हणणारा. दिवसभर दोघं त्या शटरपाशी घाम गाळत होते. भुजंग खडूनं खूण करायचा आणि म्हणायचा, "मामा, घ्या खाली." रायभान शटर खाली ओढायचा. "मामा, न्या वर." रायभान वर लोटायचा. शटर ज्या लोखंडी पट्टीतून सरकतं तिला ड्रिलनं भोक पाडताना शिडी रायभाननंच धरली. खटक्याची पेटी आत बसली, आकड्यांची डबी बाहेरच्या खांबाला बसली. मधून नळीतून वायर नेली, ती ट्रान्सफॉर्मरला आणि तिथून बॅटरीला, म्हणजे सेलूची वीज गेली तरी कुलूप जागं राहावं. लाल वायर कुठं, काळी कुठं, हे भुजंग सांगायचा आणि रायभान मन लावून ऐकायचा. उद्यापासून हे आपल्यालाच सांभाळायचंय, मग समजून घ्यायला नको का?

शेवटी दत्तराव म्हणाला, "जुन्या कड्या काढून टाका, वाईट दिसतात." भुजंगनं ब्लेड लावलं आणि रायभाननं कडी धरली. आपल्या किल्लीचं घर कापताना त्यानं हात जरासुद्धा हलू दिला नाही. काम चोख व्हायला पाहिजे, बस्स.

त्याला धास्ती होती ती वेगळीच. आकडे लक्षात राहतील का? दुपारी भाकरी खायला घरी गेला तेव्हा कासाबाईला म्हणाला, "चार आकडे हायेत म्हणं. मेंढरं ध्यानात ठिवायचो तसं ठिवीन. पर तुला सांगनार न्हाई बरं. कुनालाच न्हाई."

"मी कशाला इचारू?" कासाबाई म्हणाली. "तुमचा जिम्मा, तुमी बघा."

तो परत आला तेव्हा भुजंग हत्यारं आवरत होता. "चला, आता नंबर भरून टाकू," तो म्हणाला. रायभाननं हात धोतराला पुसले आणि तो डबीजवळ सरकला.

आबासाहेब गादीवरून म्हणाले, "रायभान, जरा बाहेर थांब."

दत्तराव म्हणाला असता तर एक वेळ चाललं असतं. पोरगं होतं, त्याला काय कळतंय. पण म्हणाले आबासाहेब. सवयीनं रायभान "जी" म्हणाला आणि पायऱ्या उतरला. मागं शटर अर्धं खाली आलं. आतल्या तिघांचे फक्त पाय दिसत होते. भुजंगचं बोलणं कानावर यायला लागलं, तेव्हा ते ऐकू येऊ नये म्हणून तो मुद्दाम चार पावलं पुढं, रस्त्यावरच्या विजेच्या खांबापाशी जाऊन उभा राहिला. ज्यांनी त्याला चोराच्या रांगेत उभं केलं, त्यांचं गुपित तो अजूनही राखत होता! अशा माणसाला काय म्हणावं?

चहावाल्यानं विचारलं, "काय रायभान, आज भाईर?"

"आत काम चाललंय," रायभान म्हणाला.

जुनी किल्ली त्याच्याकडं परत कुणी मागितली नाही. ती मागावी एवढीही तिची किंमत उरली नव्हती. ती करदोड्यालाच राहिली. रायभान सवयीनं सकाळी लवकर यायचा, दुकानापुढची जागा झाडायचा आणि पायरीवर बसायचा. दहा वाजता आबासाहेब किंवा दत्तराव यायचे, त्याच्याकडं पाठ करून डबी झाकून आकडे दाबायचे. मग शटर वर लोटायला तोच. घरी कासाबाईनं एकदाच विचारलं, "नंबर दिला का?" तो म्हणाला, "मोठं कुलूप हाय. टाइम लागतो." तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्यामुळं त्याला जास्तच लागलं.

दसरा आला. खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपलं हत्यार पुजायचं. दुकानात कापड मोजायचा गज पुजायचा, कात्री पुजायची, आणि दरवर्षी रायभान शटरचं कुलूप काढून पाण्यानं धुवायचा, हळदीकुंकू लावून झेंडू वाहायचा. त्यासाठी ताट यायचं आबासाहेबांच्या घरून. पार्वतीबाई, त्यांच्या पत्नी, ते स्वतःच्या हातानं लावायच्या. त्या वर्षी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर रायभान ताट आणायला गेला, तर उंबऱ्यात घुटमळला.

"मालकीनबाई, या साली जुनं कुलूप न्हाई. नवं हाय."

"मग नव्याला लाव की," पार्वतीबाई म्हणाल्या. "देवाला नवं-जुनं काय? नीट धुऊन लाव."

रायभानच्या मनातली अढी तिथंच सुटली. कुलपाचा काय दोष? तेही आता दुकानाचंच. त्यानं शटरपुढची जागा झाडली, तांब्यातलं पाणी ओंजळीनं त्या डबीवर घातलं, बटणांमधली धूळ बोटानं चोळून काढली, पुन्हा पाणी घातलं. हळदीकुंकवाची बोटं ओढली, फूल खोवलं आणि हात जोडले. किती दिवसांनी त्याला दुकान पुन्हा आपलं वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकीच्या दिवशी, आबासाहेबांनी आकडे दाबले आणि काहीच झालं नाही. दत्तरावानं दाबले. जोरानं दाबले. खटका जागचा हलेना. नवे कपडे घ्यायला खेड्यापाड्यांतून आलेली माणसं दारात उभी, आणि शटर बंद. थोड्या वेळानं ती शेजारच्या दुकानात शिरायला लागली. भुजंगला परभणीहून आणेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

भुजंगनं पट्टीला बाहेरून भोक पाडून खटका मागं ढकलला, शटर मोकळं केलं आणि मग डबी उघडली. आतून पिवळं पाणी टपकलं. कुंकवाचा लगदा तारांना चिकटलेला.

"अरे देवा! कुणी केलं हे?" भुजंग म्हणाला. "मी त्याच दिवशी सांगितलं होतं, पाण्याचा थेंब लागता कामा नये."

सगळे रायभानकडं बघायला लागले. ताट परत न्यायला आलेल्या पार्वतीबाईही तिथंच उभ्या होत्या.

"सांगितलं होतं ना?" आबासाहेबांचा आवाज चढला. "मग का ओतलं पाणी?"

"मला म्हाईत न्हाई मालक," रायभान म्हणाला. "ते सांगितलं तवा मी भाईर थांबलो व्हतो."

 मग दत्तराव म्हणाला, "बहाणे आहेत. किल्ली गेली त्याचा राग काढला यानं. मुद्दाम केलंय." आबासाहेबांनी त्याला गप्प केलं नाही. भुजंग खाली मान घालून तारा पुसत राहिला. रायभाननं पार्वतीबाईंकडं पाहिलं. एक शब्द बोलल्या असत्या तरी पुरे होता. त्यांनी पदर सावरला, ताट उचललं आणि त्या घरी गेल्या.

चार माणसांत, भर बाजारात, दसऱ्याच्या दिवशी! चहावाल्यानंसुद्धा त्या दिवशी चेष्टा केली नाही, आणि ते चेष्टेपेक्षा वाईट होतं. रायभान मात्र रडला नाही की भांडला नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं गिऱ्हाइकांपुढं कापड उलगडलं आणि घरी जाऊन कासाबाईच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. तिला सगळं आधीच कळलं होतं.

"सोडून द्या ती चाकरी," ती म्हणाली.

"सोडली तर खरंच म्यां केलं म्हंतील," तो म्हणाला.

कुलूप दुरुस्त झालं. थंडी पडली. संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, तरी आबासाहेबांच्या दुकानाकडं कुणी दगड घेऊन फिरकलं नाही. दत्तरावाला सकाळी उठवेना आणि आबासाहेबांचे गुडघे थंडीनं धरले. लवकर येणारी गिऱ्हाइकं बंद शटर बघून परत जायची. तेव्हा कुठं आबासाहेबांना रायभान आठवला. दुपारी दुकान रिकामं असताना त्यांनी त्याला गादीजवळ बोलावलं आणि मायेनं म्हणाले, "बस. झालं गेलं मनात ठेवू नको. उद्यापासून तूच उघडत जा. नंबर सांगतो, ध्यानात ठेव. पहिला आकडा..."

रायभान ताडकन उठला.

"थांबा मालक. मला भाईर जाऊ द्या."

"अरे, तुलाच सांगायलोय!"

"व्हय. म्हनूनच जायलोय," रायभान म्हणाला. "उद्या पुन्हा काई झालं तर मी तवा बी भाईरच व्हतो, असं सांगता आलं पायजे मला."

तो पायऱ्या उतरला आणि विजेच्या खांबापाशी जाऊन दुकानाकडं पाठ करून उभा राहिला. तिथं त्यानं सदरा वर केला, करदोड्याची गाठ सोडायला गेला. इतक्या वर्षांची गाठ, सुटेना. मग त्यानं ती दातांनी तोडली, किल्ली काढली आणि चहावाल्याच्या फळीवर ठेवली.

"ही काय करू?" चहावाल्यानं विचारलं.

"काई न्हाई," रायभान म्हणाला. "कुठलंच कुलूप न्हाई तिला."

आबासाहेबांनी त्याला हाक मारली. तो वळला नाही. आतलं बोलणं संपलंय, आता ये, असं कुणी म्हणेपर्यंत तो तिथंच थांबला. दुसऱ्या दिवशीही आबासाहेबांनीच आकडे दाबले आणि दुकान दहालाच उघडलं.