उजवा रेणू, डावा रेणू

"पहिल्या लॅबनं पॉझिटिव्ह दिलंय मॅडम. तुम्ही फक्त कन्फर्म करा ना."

स्पीकर फोनवर शिपिंग कंपनीचा ऑफिसर होता. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते परब आमच्या अंधेरीच्या लॅबमध्ये, समोरच्या खुर्चीत बसले होते. मुलुंडचे, जहाजावर सेकंड इंजिनिअर. मेडिकलमध्ये त्यांच्या लघवीत लेव्हॉर्फनॉल सापडलं होतं. हे अफूच्या जातीचं जबर वेदनाशामक. तो शेरा कायम राहिला तर नोकरीची वाट लागणार.

"खोकला होता, कफ सिरप घेतलं," परब म्हणाले. "दुसरं काही नाही."

अशा सिरपमधलं एक औषध फार जास्त घेतलं तर भास होतात. काही जण नशेसाठीच पितात. शरीरात त्याचं डेक्स्ट्रॉर्फन बनतं. ते म्हणजे लेव्हॉर्फनॉलची आरशातली प्रतिमा. अणू तेच, वजन तेच. फक्त डेक्स्ट्रॉर्फन उजवा हात, लेव्हॉर्फनॉल डावा. नेहमीचं मशीन वजन बघतं. त्याला हात कळत नाही.

आमच्या हेड कांबळे मॅडमनी कायरल कॉलम लावायला सांगितला. ही बारीक नळी. तिच्यात भरलेला पदार्थच एका हाताचा असतो. उजव्या हातमोज्यात उजवा हात बसतो, तसा एक रेणू आत रेंगाळतो, दुसरा आधी बाहेर पडतो.

आधी दोन्ही रेणूंचे शुद्ध नमुने एकत्र सोडले. आलेखावर एकच जाड पीक, म्हणजे उंचवटा, आला; दोघे वेगळे झालेच नव्हते. मॅडम स्वतः मशीनसमोर बसल्या. तापमान उतरवलं, द्रावण बदललं. दुपारपर्यंत दोन सुरेख, वेगळे पीक. मग परबांच्या सीलबंद बाटलीतला नमुना. एकच पीक, उजव्याच्या जागी.

मी रिपोर्ट टाइप करायला घेतला.

"थांब रे," मॅडम म्हणाल्या. "यांच्या लघवीत डावा असता तर दिसलाच असता, हे कशावरून?"

त्यांनी त्याच नमुन्यात मुद्दाम थोडा डावा मिसळायला लावला. दुसरा पीक लगेच उभा राहिला. मला हे सुचलं नव्हतं. आता म्हणाल्या, "लिही."

ऑफिसरनं फोनवर मॅडमना विचारलं, "म्हणजे सिरपची नशा केली होती का?"

"ते या टेस्टमधून कळत नाही. डावा नाही, एवढंच कळतं."

कंपनीनं शेरा काढला. तोवर परबांचं जहाज त्यांच्याशिवाय गेलं होतं. पुढच्यावर ते चढले.

मशीन नाव छापतं. त्यानं काय बघितलंच नाही, हे आपल्याला विचारावं लागतं.