इर्मा वेसेलींची वीस मिनिटं

निवृत्त होईपर्यंत इर्मा वेसेली आमच्या गावच्या पोस्टात होत्या. पाकिटावरचा पत्ता अर्धवट असला तरी पत्र योग्य घरी जायचं. अमावास्येच्या जवळच्या शनिवारी त्या जत्रेच्या मैदानामागच्या टेकडीवर दुर्बीण लावून येईल त्याला आकाश दाखवत. दुर्बीण त्यांच्या नवऱ्याने, एमिलने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आरसा घासून केलेली. तिला मोटर नाही की संगणक नाही. हाताने ढकलायची आणि डोळ्याने शोधायचं.

गेल्या काही महिन्यांत इर्मा चुकू लागल्या. शनी म्हणून त्यांनी साधाच तारा दाखवला. एकदा तर समोर उभ्या असलेल्या मला त्या 'फादर' म्हणाल्या. मी शाळामास्तर, चर्चशी माझा संबंध नाताळपुरता.

सप्टेंबरच्या बैठकीत आमच्या आकाशदर्शन मंडळाचा नवा सचिव डेल हॉर्नबी स्पष्टच बोलला. तो माझा जुना विद्यार्थी.

"मिसेस वेसेली, माझी नवी दुर्बीण बटण दाबलं की आपोआप वळते. लोक दोन-दोन तास गाडी चालवून येतात. तुम्ही कॉफीचं टेबल सांभाळा ना."

"कॉफी?" इर्मा म्हणाल्या. "अरे, तुला तुझं नाव धड लिहिता येत नव्हतं, तेव्हापासून सांताक्लॉजला तुझी पत्रं मी पोचवतेय."

सगळे हसले. डेल हसला नाही.

"ठीक आहे," इर्मा म्हणाल्या. "शनिवारी त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका शोधून दाखवते. नाही सापडली तर दुर्बीण तुझी, कॉफी माझी."

ती दीर्घिका म्हणजे काचेवर पडलेल्या श्वासासारखा धूसर डाग. थेट पाहिलं की नाहीशी होते. नजर जरा बाजूला ठेवली की कोपऱ्यात उमटते.

शनिवारी चाळीसेक माणसं जमली. सगळ्यांच्या टॉर्चवर लाल कागद होता. टेकडीवर पांढरा उजेड चालत नाही. एकदा डोळ्यांवर पडला की ते अंधाराला पुन्हा सरावायला वीस मिनिटं लागतात. गाडीतल्या दिव्यावरसुद्धा काळी पट्टी चिकटवायची, असं डेलनेच फलकावर लिहिलं होतं.

आधी शेजारच्या देवयानी तारकासमूहातला कमरेचा तारा पकडायचा, मग तिथून खाली सरकायचं. इर्मांचा पहिला प्रयत्न चुकला. दुसराही चुकला.

"पोस्टमास्तरीणबाई, भलत्याच पत्त्यावर गेलात वाटतं!" मागून एक गुरंवाला ओरडला.

"पत्ता बरोबर आहे, घरच हललंय," इर्मा म्हणाल्या. मी शेजारीच होतो. त्या कुजबुजल्या, "मास्तर, ज्याच्याकडे बघते तो ताराच नाहीसा होतो. नजरेच्या मधोमध काही उरलेलंच नाही. फेब्रुवारीपासून."

"मी धरून देऊ तारा?"

"मग दीर्घिका मी शोधली असं कसं म्हणायचं?"

तिसऱ्यांदा त्यांनी मान वळवली, बाजूचं कोणी काही सांगतंय आणि त्या ऐकताहेत अशी. डोळ्याच्या कडेने नळीच्या रेषेत पाहिलं. हळूच ढकललं. डोक्यावर काळं कापड ओढलं आणि डोळा लावला.

"आहे," कापडाखालून आवाज आला. "डेल, ये."

डेल स्वतःचं भिंग आणायला आपल्या पिकअपकडे धावला. त्याने दार उघडलं आणि आतला दिवा लख्ख लागला. फलक लिहिणाऱ्यानेच पट्टी लावली नव्हती.

"अरे गाढवा, दार लाव!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

दार लागलं, पण टेकडीवर सगळे आंधळे झाले होते. फक्त इर्मा कापडाखाली होत्या. डेलने येऊन डोळा लावला. "मला काहीच दिसत नाही."

"दिसणार कसं? वीस मिनिटं थांब."

"तोवर ती निघून जाईल." खरंच होतं. पृथ्वी फिरते, बिनमोटरच्या दुर्बिणीतून कुठलीही वस्तू दोन-तीन मिनिटांत बाहेर जाते.

"मी जाऊ देणार नाही," म्हणत इर्मांनी पुन्हा कापड ओढलं.

त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. वाकून, दुर्बिणीच्या प्लायवूडच्या नळीवर तळवा टेकवून, दर मिनिटाला केसभर ढकलत राहिल्या. बाराव्या मिनिटाला कापड हललं. "सुटली," त्या पुटपुटल्या. डेलने घड्याळाकडे पाहिलं. मी त्यांचा श्वास मोजत उभा. मग आवाज आला, "मिळाली."

वीस मिनिटं झाल्यावर डेल वाकला.

"सरळ नको, बाजूला बघ," इर्मा म्हणाल्या.

"आहे," तो म्हणाला. मग हळू, "बापरे. आहे की."

टाळ्या पडल्या. इर्मांनी हात वर करून त्या थांबवल्या. "ऐका. मला समोरचं दिसत नाही. तुमचे चेहरे दिसत नाहीत. कडेचं तेवढं दिसतं, म्हणून ही दिसली. तारा तिसऱ्या खेपेला लागला. दर वेळी लागेल असं नाही."

डेल बुटाने गवत उकरत राहिला. "मग तारा मी धरतो," तो शेवटी म्हणाला. "पुढे तुम्ही न्या."

"आणि कॉफी?"

"ज्याच्या गाडीचा दिवा लागला त्याने!" गुरंवाला ओरडला.

ऑक्टोबरच्या शनिवारी डेल दुर्बिणीशी वाकला, "धरला" म्हणाला आणि बाजूला झाला. इर्मांनी कापड ओढलं. त्याच्या पिकअपमधल्या दिव्यावर काळ्या पट्टीचे तीन थर होते. त्याने केलेली कॉफी मात्र कोणालाच पिववली नाही.